चहाच्या वेळेची साक्ष

अमेरिकेहून परत आल्यापासून भेटेल तो पहिला प्रश्न विचारतो, नायगारा पाहिला का? नाही पाहिला. दोन महिने राहिले, त्यातले बरेचसे दिवस थोरल्या बहिणीच्या जेवणाच्या टेबलापाशी गेले आणि तीन दिवस वॉशिंग्टनला. तिथली स्मारकंसुद्धा टॅक्सीच्या काचेतून पाहिली. नीट पाहिलं ते एक विधेयक. विधेयक बघायला कुणी एवढ्या लांब जातं का, असं शेजारच्या वहिनींनी विचारलं. कुणी जात नाही. मीही त्यासाठी गेले नव्हते. पण जे झालं ते लिहून ठेवायला हवं, कारण त्यात माझी एक चूक आहे.

आधी माझ्याबद्दल सांगते. नागपूरच्या कोर्टात मी एकतीस वर्षं लघुलेखक होते. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश साहेब सांगतात, आणि आपण पेन्सिल चालवायची. खून, मारहाण, बांधाची भांडणं, सगळं या हाताखालून गेलं. निवृत्त झाले तरी हात निवृत्त होत नाही. टीव्हीवर बातम्या लागल्या की बोट आपोआप मांडीवर शॉर्टहँडच्या रेघा ओढतं. माझे यजमान होते तेव्हा यावरून फार चिडवायचे.

ईडन प्रेरी

नलूताई तीस वर्षांपासून मिनेसोटात ईडन प्रेरीला राहते. नागपुरात पंखे सुरू करून मी निघाले होते, आणि इथं मार्च लागला तरी घरामागचं तळं गोठलेलं. एक म्हातारा रोज त्या बर्फावर खुर्ची टाकून, भोक पाडून, मासे धरायला बसायचा. तासन् तास एक मासा लागत नसे, तरी गडी हलायचा नाही.

"त्याच्या घरी कुणी नाही काय?" मी ताईला विचारलं.

"आहे ना बाप्पा! म्हणूनच तर बसते तो तिथं," ताई म्हणाली. तीस वर्षांत बर्फानं तिची जीभ काही गोठवली नाही.

ताईची मुलगी असिता अठ्ठावीस वर्षांची, जन्म तिथलाच. मराठी सगळं कळतं, बोलते अर्धं. युद्धातून पळून अमेरिकेत आलेल्यांच्या साक्षी गोळा करणाऱ्या एका लहानशा संस्थेत ती काम करते. सध्या तिच्याकडे म्यानमार होता, म्हणजे आपला ब्रह्मदेश. तिथं लष्करानं सत्ता बळकावली आणि विरोध करणाऱ्या गावांवर विमानांतून बॉम्ब टाकायला सुरुवात केली, एवढं मलाही पेपरातून ठाऊक होतं. त्या लष्कराला विमानाचं इंधन जो विकेल किंवा पोचवेल, त्याचे अमेरिकेतले सगळे व्यवहार बंद करायचे, असं एक विधेयक तिथल्या संसदेत आलं होतं.

"फ्युएल नाही तर प्लेन नाही. इट्स दॅट सिंपल, मावशी," असिता म्हणाली.

कायद्यात काही सोपं असतं असं मानणारी पोर पाहून मला तिची काळजी वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला.

विधेयक आधी एका समितीपुढे येणार होतं. समितीनं होकार दिला तर ते पुढे सरकणार, नाहीतर तिथंच धूळ खात पडणार. समितीपुढे ठेवायला असिताला एक साक्ष हवी होती, स्वतः भोगलेल्या माणसाची. असं माणूस तिला सापडलं होतं, पण ते बोलत नव्हतं.

सेंट पॉलचा विहार

रविवारी ती मला सेंट पॉलच्या बर्मी विहारात घेऊन गेली. आम्ही बौद्ध, त्यामुळे मी पांढरी साडी नेसून, फुलं घेऊन तयार. पाहते तर साधं घर, बाहेर गॅरेज, गॅरेजपुढे बर्फ लोटायचं यंत्र. आत मात्र सोनेरी मूर्ती आणि उदबत्तीचा वास. सगळे वंदना म्हणू लागले तेव्हा मला आधी काहीच कळेना. मग ध्यानात आलं, आपण 'सरणं गच्छामि' म्हणतो ते हे 'थरणं गिस्सामि' म्हणताहेत. चाल वेगळी, उच्चार वेगळे, पण शब्द तेच. मी आपल्या चालीत सुरू ठेवलं. पुढे बसलेल्या बाईनं वळून पाहिलं आणि हसली.

ती बाई म्हणजे दॉ, असिताला सापडलेलं ते माणूस. 'दॉ' हे नाव नाही, मोठ्या बाईला आपण ताई म्हणतो तसं ते तिकडे म्हणतात. तिचं खरं नाव मी इथं लिहिणार नाही. का ते पुढे कळेलच. वय पंचावन्नच्या आसपास, अंगानं काटकुळी. एका हॉटेलच्या धुलाईखान्यात कामाला होती. तिच्या बरोबर तिचे दुभाषे होते, उंच, पांढऱ्या केसांचे, एके काळी शाळेत शिकवणारे. त्यांना सगळे सया म्हणत, म्हणजे गुरुजी.

वंदनेनंतर जेवण होतं. एका ताटलीत काळपट हिरवं काहीतरी आलं. मी विचारलं, ही कुठली भाजी? सया म्हणाले, चहाची पानं. आंबवलेली, वर तळलेला लसूण, शेंगदाणे, तीळ. चहा प्यायचा सोडून खायचा, म्हणजे कमालच! पण एक घास घेतला आणि दुसरा मागून घेतला. तुरट, आंबट, कुरकुरीत. माझं ताट रिकामं झालेलं बघून दॉनं न विचारता पुन्हा वाढलं. जेवताना आग्रह करायचा तर भाषा कुठली लागते?

तिथंच असितानं तिला पुन्हा विचारलं, आणि दॉनं पुन्हा नकारार्थी मान हलवली. फोनवर आवाज भरून घ्यायला तिची तयारी नव्हती. आवाज ओळखता येतो, ती म्हणाली. तिच्या गावाकडे सैनिक लोकांचे फोन तपासतात. मी माझ्या पिशवीतली वही आणि पेन्सिल काढली. सयांना म्हटलं, यांना सांगा, मी कोर्टात हेच करत होते. माझी शॉर्टहँड मी सोडून कुणाला वाचता यायची नाही.

दॉनं वहीतल्या रेघा-टिंबांकडे बराच वेळ पाहिलं. मग होकार दिला. त्या क्षणी मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

जेवणाचं टेबल

सलग तीन दुपारी ती ताईच्या घरी आली. असिता प्रश्न विचारायची, सया भाषांतर करायचे, दॉ बोलायची, सया इंग्रजीत सांगायचे आणि मी लिहायचे. ताई आत ओट्यापाशी उभी राहून ऐकायची. पहिल्या दिवशी तिनं पोळ्या करायला घेतल्या आणि कणीक तशीच राहिली.

दॉ एका मठाच्या शाळेत मुलांसाठी स्वयंपाक करायची. त्या दिवशी भात शिजवून, झाकून, ती तळ्यावर पाणी आणायला गेली होती. तेवढ्यात विमान आलं. ती शेजारच्या तिळाच्या शेतात पालथी पडली. किती वेळ ते तिला सांगता येईना. उठून परत आली तेव्हा शाळेचं छप्पर नव्हतं. पुढचं तिनं सांगितलं ते मी इथं लिहीत नाही. ते समितीच्या दप्तरी आहे, ज्याला हवं त्यानं वाचावं. फक्त एक सांगते. भाताचं भांडं भिंतीआड होतं, ते तसंच राहिलं होतं. संध्याकाळी जी मुलं उरली होती त्यांना तिनं तो भात वाढला.

"त्यांना भूक लागली होती," ती म्हणाली. ताई आतून पाण्याचे पेले घेऊन आली आणि सगळ्यांपुढे ठेवून परत गेली.

माझी पेन्सिल चालूच होती. कोर्टात रडणाऱ्या साक्षीदारापुढे लघुलेखकानं रडायचं नसतं, अक्षर बिघडतं.

तिसऱ्या दिवशी साक्ष संपली. ताईनं आलं घालून चहा केला, शंकरपाळे ठेवले. सगळ्यांनी जरा पाय मोकळे केले. चहा घेता घेता दॉ पहिल्यांदा हसून बोलू लागली, तिच्या धाकट्या भावाबद्दल. तो आमच्याकडचा कंपाउंडर म्हणावा तसा, इंजेक्शनं द्यायचा, जखमा शिवायचा. लहानपणी झाडावरून पडला तेव्हापासून एका पायानं अधू. अजून तिथंच आहे. गावाबाहेरच्या जुन्या वीटभट्टीत जखमी लोकांवर उपचार करतो. लंगडत लंगडत सगळीकडे पोचतो, ती म्हणाली, पण आईकडे जायचं म्हटलं की पाय दुखतो! सया हसले, आम्ही सगळे हसलो.

आणि मी ते सगळं लिहून घेतलं.

आमच्याकडे साहेब म्हणतात, "हे घेऊ नका," तेव्हाच लघुलेखकाची पेन्सिल थांबते. तोवर एक शब्द सुटता कामा नये. एकतीस वर्षांत माझ्या हातून शब्द सुटल्याची तक्रार नाही. ताईच्या टेबलापाशी साहेब नव्हते, घेऊ नका म्हणणारं कुणी नव्हतं, आणि चहा म्हणजे चहा, साक्ष नव्हे, हे माझ्या डोक्यात आलं नाही. पुढल्या दोन दिवसांत मी सगळं टाइप करून असिताला दिलं, चहासकट. तिनं त्यातून चार पानी निवेदन तयार केलं. दॉनं शेवटच्या पानावर सही केली. इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं, पण आमच्यावर विश्वास होता.

वॉशिंग्टन, पहिला दिवस

समितीच्या बैठकीसाठी आम्ही चौघं वॉशिंग्टनला गेलो. दॉ तिथं बोलणार नव्हती. तिचं निवेदन नाव न देता सादर होणार होतं, आणि ती प्रेक्षकांत कुणीतरी म्हणून बसणार होती. आपले शब्द त्या लोकांपुढे वाचले जातात की नाही, हे तिला स्वतः पाहायचं होतं.

खासदारांच्या कचेऱ्यांची इमारत म्हणजे संगमरवरी लांबच लांब बोळ. दर दारापाशी झेंडे. कुणीही आत जाऊ शकतं, फक्त दारात तपासणी. माझ्या पिशवीतला ताईनं दिलेला डबा यंत्रात अडकला. पहारेकऱ्यानं उघडायला लावला. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. धिप्पाड गडी, कमरेला पिस्तूल, चटणीवर वाकून वास घेतला आणि म्हणाला, "मॅडम, जेवायच्या सुट्टीला अजून दोन तास आहेत, का छळता?" मी त्याला एक दशमी देऊ केली. ती घ्यायची त्याला परवानगी नव्हती.

आत गेल्यावर मी आमचं कोर्ट शोधत राहिले. झाडाखालचे टायपिस्ट, स्टँप विकणारे, पुकारा करणारा शिपाई, बाकावर डबा उघडून बसलेले पक्षकार. इथं सगळं स्वच्छ आणि गुळगुळीत, माणसं भराभर चालणारी, बुटांचे आवाज. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो माणूस मात्र दोन्हीकडे सारखाच दिसतो. कागद छातीशी धरून, कुठल्या दाराशी उभं राहायचं ते न कळून.

समितीच्या कचेरीतला ब्रायन नावाचा माणूस आम्हाला भेटला. चाळिशीचा, चेहऱ्यानं दमलेला, बोलायला सरळ. सया दॉला घेऊन पाणी प्यायला गेले होते. ब्रायननं असिताचा हात हातात घेतला. फार उत्तम निवेदन, म्हणाला. उद्या बाई त्यातला भाग वाचणार आहेत. बाई म्हणजे विधेयक आणणाऱ्या खासदार. "आणि तो भाऊ! अधू पाय, वीटभट्टी. त्या परिच्छेदानं सगळी खोली हलेल. उद्या सकाळी हे आपल्या संकेतस्थळावर जाईल, जगात कुणालाही वाचता येईल."

वीटभट्टी म्हटल्याबरोबर मी चमकले. असं का झालं ते मला लगेच उमगलं नाही. मी असिताला बाजूला घेतलं.

"हे निवेदन तू तिला वाचून दाखवलंस का?"

"मावशी, शी साइन्ड इट."

"सही विचारत नाही मी. वाचून दाखवलं का? तिच्या भाषेत, पहिल्या ओळीपासून?"

"टाइम नव्हता. अँड तिनंच सांगितलंय ना सगळं?"

आमच्याकडे साक्ष पूर्ण झाली की ती साक्षीदाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवतात. तो बरोबर आहे म्हणाला की खाली तसं लिहायचं, मग सही. खेड्यातली म्हातारी असो की मोठा डॉक्टर, त्यातून कुणाची सुटका नाही. घाईच्या दिवशी वकील कुरकुर करतात, मीही मनातल्या मनात केलेली आहे. पण त्या वाचण्यात कितीदा माणूस मध्येच हात वर करतो, "साहेब, असं नाही म्हटलं मी." हे सगळं मी भाचीला सांगितलं. ती वैतागली, पण कागद घेऊन आली.

तळघरातल्या खानावळीत कोपऱ्यातलं टेबल धरलं. सयांनी चष्मा लावून बर्मीत वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या परिच्छेदाला दॉनं हात वर केला. 'मी विमान पाहिलं' असं तिथं होतं.

"पाहिलं नाही," ती म्हणाली. "तोंड मातीत होतं. ऐकलं."

असितानं दुरुस्त केलं. सया पुढे वाचत गेले. दॉ डोळे मिटून ऐकत होती. चौथ्या पानावर सया थांबले. त्यांनी आधी ओळ मनात वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि मग हळू आवाजात मोठ्यानं वाचली.

दॉनं डोळे उघडले. तिचा चेहरा असा झाला की मला आजही तो आठवला की बसवत नाही.

"हे कुणी सांगितलं?"

"तुम्हीच," असिता म्हणाली. "दॉ, तुम्हीच आम्हाला..."

"ते मी चहा पिताना बोलले."

तिच्या गावाकडे अधू पायाचा, इंजेक्शनं देणारा माणूस एकच होता. नाव लिहिलं काय आणि न लिहिलं काय, सैनिकांना तेवढी खूण पुरे. जखमींवर उपचार करणाऱ्यांना ते जिवंत ठेवत नाहीत, सया म्हणाले. वीटभट्टीत त्या दिवशी किती जखमी पडले होते ते त्यांनाही माहीत नव्हतं.

दॉ माझ्या मांडीवरच्या वहीकडे पाहत होती. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"मी लिहिलं," मी म्हणाले. "असिताची चूक नाही. चहाच्या वेळी मी पेन्सिल खाली ठेवायला हवी होती. माझं चुकलं."

सयांनी ते तिला सांगितलं. ती मला रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त घड्याळाकडे पाहिलं. असिता रडत होती. "ओ गॉड, आय पुट इट ॲट द एंड, मावशी. मला वाटलं, दॅट्स द बेस्ट पार्ट."

आम्ही धावत ब्रायनकडे गेलो. त्यानं ऐकून घेतलं, डोकं धरलं. पाचच्या आत नवी प्रत सही होऊन आली तर संकेतस्थळावर तीच जाईल, असं त्यानं सांगितलं. पण छापलेल्या प्रती सदस्यांच्या कचेऱ्यांत गेल्या होत्या. तेवढ्या परत गोळा करायचा प्रयत्न करीन, शब्द देत नाही, म्हणाला. मग जरा घुटमळून त्यानं विचारलं, पाय आणि वीटभट्टी काढून नुसता 'एक भाऊ' ठेवला तर? त्याशिवाय निवेदन फिकं पडेल. आणि विमान 'पाहिलं' च्या जागी 'ऐकलं', तेही जरा कमजोर वाटतं.

सयांनी सगळ्याचं नीट भाषांतर केलं. दॉ उभ्या उभ्या म्हणाली, "पाहिलं नाही ते पाहिलं कसं म्हणू? आणि भाऊ ठेवायचा नाही. अजिबात नाही."

"मग विधेयक पडलं तर?" असितानं विचारलं.

दॉ ज्यांना जेवू घालायची ती मुलं एका बाजूला आणि भाऊ दुसऱ्या बाजूला, असं आम्ही तिला उभं केलं होतं. आणि त्याला कारण मी.

"भात आहे ना त्यात," ती शेवटी म्हणाली. "भात राहू द्या."

नवी प्रत झाली. सयांनी ती पुन्हा पहिल्यापासून वाचली. दॉनं बरोबर आहे म्हटलं, सही केली. खाली मी माझ्या हातानं लिहिलं, साक्षीदाराला तिच्या भाषेत वाचून दाखवले, बरोबर असल्याचे सांगितले. ब्रायन म्हणाला, आमच्याकडे याची गरज नसते. मी म्हटलं, असू द्या.

दुसरा दिवस

बैठकीच्या खोलीत उंच छत, भिंतीवर जुन्या सभापतींची मोठमोठी चित्रं. सदस्य वरच्या बाजूला अर्धवर्तुळात. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. लोक येत होते, जात होते, फोन बघत होते. आमचे साहेब समोरच्या वकिलानं जांभई दिली तरी पेन आपटायचे. दॉ शेवटच्या रांगेत सया आणि माझ्यामध्ये बसली होती, अंगावर असिताचा जाड कोट, थंडी नसताना.

त्या खासदार बाईंनी कागद उचलला. जुना की नवा, मागून दिसत नव्हतं. त्या चष्मा लावून वाचू लागल्या, आणि सया दॉच्या कानाशी कुजबुजू लागले. पाणी आणायला गेले. विमान ऐकलं. 'ऐकलं' आल्याबरोबर मी श्वास सोडला. भाताच्या ओळीपाशी बाई थांबल्या. फोन बघणारा एक सदस्य मान वर करून ऐकू लागला. "त्यांना भूक लागली होती." बाईंनी कागद खाली ठेवला. पुढे काही नव्हतं.

मग मतदान. समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, होचे आवाज आले, नाहीचे दोन-तीन आले, हातोडा पडला. आमच्याकडे एक तारीख मागायला याहून जास्त वेळ लागतो. असिता माझ्या गळ्यात पडली. विधेयक समितीतून बाहेर पडलं होतं. पुढे दोन सभागृहं, मग राष्ट्राध्यक्षांची सही. हे लिहीपर्यंत तरी ते पुढे सरकलेलं नाही. असिता दर आठवड्याला फोनवर सांगते, अजून लिस्टवर आहे, मावशी.

बाहेर बोळात ब्रायन आम्हाला भेटायला आला. दॉपुढे वाकून त्यानं आभार मानले आणि घाईनं गेला. तेवढं कुणीतरी पाहिलं होतं. एक बाई आमच्याजवळ आली. गळ्यात ओळखपत्र, पण ते उलटं झालेलं, त्यामुळे कुणाची कोण ते कळेना. बातमीदार असेल, कुठल्या कचेरीतली असेल. तिच्या हातात चार पानं होती. जुनी चार पानं. नवी प्रत साडेतीन पानांची होती.

"माफ करा," ती असिताला म्हणाली, आवाज अगदी मऊ, "या निवेदनातल्या त्याच का? मी यांच्या भावाबद्दल वाचलं. वीटभट्टीत काम करतात ते. त्यांच्याशी फोनवर बोलता आलं तर आम्हाला मदत करायला आवडेल."

असिता थिजली. सयांनी सवयीनं भाषांतर करून टाकलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं आपण काय केलं. त्या बाईच्या मनात काही वाईट नसेलही. पण ते कळायला काही मार्ग नव्हता.

दॉ त्या बाईकडे सरळ पाहून बोलली. आवाजात कंप नाही, घाई नाही. सयांनी इंग्रजीत सांगितलं, "त्या म्हणतात, मी या लोकांबरोबर इमारत बघायला आले आहे. मला भाऊ नाही."

"नाही?" बाई म्हणाली.

"मला भाऊ नव्हताच," दॉ म्हणाली. "आम्ही दोघी बहिणी."

बाई गोंधळली, दिलगिरी व्यक्त करू लागली. असितानं भानावर येऊन ती पानं मागून घेतली, जुनी प्रत आहे, चुकून गेली, म्हणाली. बाईनं ती देऊन टाकली आणि गर्दीत निघून गेली. मी आयुष्यभर साक्षीदार पाहिले आहेत. इतक्या शांतपणे खोटं बोललेला एकही मला आठवत नाही.

आम्ही पायऱ्या उतरून बाहेर आलो. ऊन होतं, गवतावर शाळेची मुलं रांगेनं फोटो काढत होती. दॉ चालता चालता थांबली आणि कट्ट्यावर बसली. मग ती रडायला लागली, मोठ्यानं, पदर असता तर तोंडात धरला असता असं. आम्ही तिघं भोवती उभे राहिलो, लोकांना दिसू नये म्हणून.

बऱ्याच वेळानं ती सयांना काहीतरी म्हणाली. सयांनी ते मला सांगितलं, असिताला नाही.

"त्या विचारतात, जिवंत माणसाला नाही म्हटलं. आता त्याला काही होणार नाही ना?"

आमच्या आईनं ऐकलं असतं तर तिनंही अपशकुन म्हणून हेच विचारलं असतं. मी दॉच्या शेजारी बसले. त्या भावाची मला ना बातमी होती, ना पत्ता, ना तो आज सकाळी जिवंत होता याचा कसला पुरावा. आणि ती मलाच विचारत होती, जिनं त्याला कागदावर आणलं होतं.

"नाही होणार," मी म्हणाले.

सयांनी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण तोवर तिनं माझा हात धरला होता.